खरेदीखतांची वकील आणि काबूलचे कागद

प्रिय काकू,

मी बडोद्यात आठ वर्षं वकिली करते. काम सगळं मिळकतीचं: खरेदीखतं, टायटल सर्च, वारसाई, भावाभावांच्या वाटण्या. आमच्या वरच्या मजल्यावर दीड वर्षापासून एक अफगाण बाई भाड्यानं राहतात. तिकडे कॉलेजात शिकवायच्या, इथे पीएच.डी.ला आल्या. गल्लीत सगळे त्यांना 'मॅडम' म्हणतात. प्रबंध संपत आलाय, व्हिसाचे थोडेच महिने उरलेत. परत गेल्या तर शिकवणं बंद, लिहिणं बंद. पूर्वी जे लिहिलंय त्यावरून घरी दोनदा कुणीतरी चौकशी करून गेलंय. परवा जिन्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही वकील ना?" त्यांच्यासारख्यांना युरोप-अमेरिकेत आश्रय मिळतो म्हणे. मला पैसे नकोत, शनिवारचा अर्धा दिवस मी देऊ शकते. पण इमिग्रेशनच्या कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. सासूबाई म्हणतात, पोलिसांचं लचांड घरात आणू नकोस. यात पडू का? आणि पडले तर नेमकं करू काय?

– एक बडोदेकर वकील

---

मला काकू म्हणालीस, तेव्हा मी तुला 'तू'च म्हणणार.

वर छापलंय ते तुझं पत्र नाही. तुझ्या पत्रात मॅडमचं पूर्ण नाव होतं, विभाग होता, गाइडचं आडनाव होतं, धाकटा भाऊ कुठे नोकरीला आहे तेसुद्धा होतं. ते सगळं मी पुसून टाकलं आणि मगच उत्तर लिहायला बसले. छापलेल्या मजकुरातही दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. कुठल्या ते तुला कळेल, बाकी कुणाला कळायचं कारण नाही. रागावत नाहीये. खरेदीखत करणाऱ्याला सवयच असते: नाव, वय, धंदा, राहणार, चतुःसीमा, जितकं पूर्ण तितकं पक्कं. पण मॅडम बडोद्यात आहेत, त्यांचा भाऊ तिकडे आहे. इथल्या कागदावरचं नाव तिकडे कुणाच्या हाती पडलं तर दार वाजेल ते भावाचं.

म्हणून पहिलं काम हे: फी एक रुपयाही घेऊ नकोस, पण त्यांना रीतसर अशील करून घे. एका पानाचं पत्र कर. मी काय करणार, काय करणार नाही, तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही काही सांगणार नाही, आणि खाली दोघींच्या सह्या. शेजारीण म्हणून जिन्यात ऐकलेलं आणि वकील म्हणून ऐकलेलं यात कायदा फरक करतो. जुन्या पुरावा कायद्यातलं आपलं १२६ वं कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२ झालंय. अशिलानं वकिलाला सांगितलेलं त्याच्या संमतीवाचून बाहेर जात नाही, आणि हे बंधन तुझ्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही लागू आहे. सासूबाईंना नाही. तेव्हा चहाच्या वेळी हा विषय घरात निघता कामा नये.

पण सासूबाईंना उडवूनही लावू नकोस. त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते अर्धं तुझ्याच घरच्या कागदांचं आहे. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानं त्याची खबर २४ तासांत ऑनलाइन द्यायची असते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. तो दीड वर्षापूर्वी भरला होता का? पोलिसांत भाडेकरूची नोंद केली होती का? आठवत नसेल तर भरलेला नाही असं समज आणि आधी ते निस्तर. १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आता गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू आहे, आणि त्यातही घर देणाऱ्यावर जबाबदारी आहेच. शेजारधर्म करायला निघालेल्या बाईचा स्वतःचाच फॉर्म राहिलेला असावा, याहून सासूबाईंना काय हवं!

मॅडमच्या व्हिसाचंही तसंच. मुदत संपायच्या पुष्कळ आधी ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर, वाढीचा अर्ज गेला पाहिजे, आणि त्याला विद्यापीठाचं पत्र लागेल. उद्या बर्लिनहून नेमणुकीचं पत्र आलं, व्हिसाही लागला, आणि इथला मुक्काम मुदतीपेक्षा जास्त झालेला निघाला, तर बाहेर जाण्याची परवानगी वेगळी काढावी लागते. आत येण्यासाठी परवानगी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेर पडण्यासाठीही लागू शकते हे बहुतेकांना विमानतळावर कळतं.

आता मुख्य गैरसमजाकडे येते, कारण तो तुझाही आहे आणि मॅडमचाही. 'आश्रय मिळतो' म्हणजे बडोद्यात बसून फॉर्म भरायचा आणि परदेशानं बोलवायचं, असं नाही. १९५१ च्या निर्वासित कराराची साधी रचना अशी: माणूस आपल्या देशाबाहेर असला पाहिजे, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी कशापायी तरी छळ होईल अशी साधार भीती पाहिजे, आणि आश्रय मागायचा तो साधारणपणे ज्या देशात पाय आहे त्या देशाकडे. वकिलातीच्या खिडकीवर आश्रयाचा अर्ज सहसा घेतच नाहीत. मॅडमचा पाय भारतात आहे आणि भारतानं ना १९५१ च्या करारावर सही केली ना १९६७ च्या प्रोटोकॉलवर. इथे अफगाण लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत करते. तिथून तिसऱ्या देशात पाठवणी होते, पण फार थोड्यांची, आणि कधी ते कुणी सांगू शकत नाही.

तू गुजरातेत वकिली करतेस म्हणून एक निकाल सांगते. १९९८ मध्ये आपल्याच उच्च न्यायालयानं दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात म्हटलं की जिवाला धोका असलेल्या माणसाला त्याच धोक्याकडे परत न ढकलणं हे घटनेच्या २१ व्या कलमात सामावलेलं आहे, देशाच्या सुरक्षेला बाधा येत नसेल तोवर. कतैर अब्बास हबीब अल कुतैफी विरुद्ध भारत सरकार. काढून वाच, छान निकाल आहे. पण त्याच्या जिवावर मॅडमना निर्धास्त करू नकोस. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं हद्दपारीला अंतरिम स्थगिती दिली नाही. रीतसर प्रक्रिया करा एवढंच सांगितलं.

मग अभ्यासकांची वाट कोणती? नोकरीची. हे आपल्या गावाला नवीन नाही. १९३३ मध्ये हिटलरनं ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकललं. अर्न्स्ट कोह्न-वीनर नावाचे कला-इतिहासकार जर्मनीतून इंग्लंडमार्गे १९३४ मध्ये बडोद्याला आले आणि सयाजीरावांच्या राज्यात संग्रहालयाचं काम पाहू लागले. कमाटीबागेतल्या त्या लाल इमारतीत शाळेच्या सहलीत आपण व्हेल माशाचा सांगाडा बघायला धावतो, तीच. पुढे हेरमान गोएत्झ आले, नाझींना विरोध असलेले. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून डांबलं होतं, आणि नंतर तेच बडोद्याच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. यांना 'निर्वासित' म्हणून कुणी ठेवून घेतलं नव्हतं. संग्रहालयाला जाणकार हवा होता, त्यांना जागा हवी होती. नेमणुकीचं पत्र निघालं आणि माणूस वाचला.

आजही गाडी त्याच रुळावरून जाते. संकटातल्या अभ्यासकांना मदत करणारी ब्रिटनची जी संस्था आज 'कारा' म्हणून ओळखली जाते ती १९३३ मध्येच विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकारानं निघाली. जर्मनीची तशीच योजना फिलिप श्वार्ट्झ यांच्या नावानं आहे. हे स्वतः हाकलले गेलेले पॅथॉलॉजिस्ट. झुरिचमध्ये बसून त्यांनी कितीतरी सहकाऱ्यांना तुर्कस्तानच्या विद्यापीठांत जागा मिळवून दिल्या. फ्रान्सची 'पॉझ' २०१७ पासून आहे. अमेरिकेतून चालणाऱ्या 'स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क' आणि 'स्कॉलर रेस्क्यू फंड' या दोन आहेत, आणि त्यांच्या जागा फक्त अमेरिकेत नसतात. हे लक्षात ठेव, कारण जून २०२५ पासून खुद्द अमेरिकेनं अफगाण नागरिकांना आपलं दार जवळजवळ लावून घेतलंय. तुझे शनिवार तिथे घालवू नकोस.

या संस्था व्हिसा देत नाहीत. त्या अभ्यासक आणि विद्यापीठ यांची गाठ घालून देतात आणि बहुतेक वेळा पगाराचा काही भार उचलतात. व्हिसा निघतो तो विद्यापीठाच्या नेमणुकीवर. जर्मन योजनेत तर अर्ज मॅडमनी करायचाच नसतो, तिथल्या यजमान विद्यापीठानं करायचा असतो. म्हणजे मॅडमना आधी तिकडे त्यांच्या विषयातला एक प्राध्यापक पाहिजे, जो म्हणेल, हो, ही बाई माझ्या विभागात हवी. तो शोधणं वकिलाचं काम नाही. त्यांच्या गाइडचं आहे, आणि सेमिनारला कधीकाळी भेटलेल्या ओळखींचं आहे. तुझ्या मनात कोर्टातलं चित्र असेल तर ते आताच काढून टाक.

आणि त्यांचा प्रबंध? तो वेळेत जमा होणं हे तुझ्या दहा अर्जांच्या तोडीचं काम आहे. पीएच.डी. हातात असलेली बाई आणि 'होत आलीय' म्हणणारी बाई, यांना या योजनांच्या यादीत सारखी जागा नसते. शनिवारी तू त्यांच्याकडून तीन तास हकिगत काढून घेणार असशील आणि त्याच आठवड्यात शेवटचं प्रकरण गाइडकडे द्यायचं असेल, तर तू त्या शनिवारी सुटी घे.

आता तुझं काम. इमिग्रेशन येत नाही म्हणून कानकोंडी होऊ नकोस, कारण जे येतं तेच इथे लागतं. तू रोज काय करतेस? सात-बारावर 'सुनंदा', खरेदीखतात 'सुनंदाबेन', मतदार यादीत 'सुनंदाबेन' आणि वर नवऱ्याचं नाव चुकलेलं. या तिघी एकच, हे तू प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करतेस. गुजरातच्या कागदांतल्या 'भाई'-'बेन'नी आपल्या वकिलांची पोटं भरलीत. तिकडे तर अनेकांना आडनावच नसतं. ओळखपत्रावर, म्हणजे तझकिऱ्यावर, स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं. पासपोर्ट काढताना आडनावाच्या रकान्यात कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. पदवीवर दुसरं, शोधनिबंधावर तिसरं. इंग्रजी स्पेलिंग तर ज्याच्या-त्याच्या मनाचं. पहिल्या दिवशी एक तक्ता कर: कोणत्या कागदावर नाव कसं आहे, अक्षर न अक्षर.

दुसरा तक्ता तारखांचा, आणि यात तुला गंमत वाटेल. विक्रम संवत २०३० चा फारकतीचा कागद हातात आला की तू मनातल्या मनात छप्पन वजा करून १९७४ म्हणतेस, आणि दिवाळीनंतरचे दोन महिने असतील तर सत्तावन्न. अफगाण पंचांग सूर्याचं, शमसी. वर्ष नवरोजला, २१ मार्चच्या आसपास, उलटतं. त्यांच्या सालात ६२१ मिळवायचे, जानेवारीपासून नवरोजपर्यंत ६२२. महिन्यांची नावं म्हणजे चक्क आपल्या राशी: हमल मेष, सरतान कर्क, असद सिंह, मीझान तूळ, अकरब वृश्चिक, हूत मीन. काबूल पडलं ती तारीख, १५ ऑगस्ट २०२१, त्यांच्याकडे २४ असद १४००. एकदा ही किल्ली हातात आली की निम्मे घोळ सुटतात. मॅडम म्हणतात 'मीझानमध्ये मला पत्र आलं' आणि इंग्रजी अर्जात कुणी 'नोव्हेंबर' लिहिलंय. मीझान तर ऑक्टोबरातच संपतो. अशा जागी थांब आणि विचार.

जुन्या तझकिऱ्यावर जन्मतारीखही नसते, अमुक साली वय इतकं, बस. पासपोर्टवर मग पुष्कळदा १ जानेवारी. आपल्या आजी-आजोबांना मास्तरांनी १ जूनला जन्माला घातलं होतं, तसंच. यात लबाडी काही नाही, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला ते आपणहून एका ओळीत सांगून टाकावं. त्यानं शोधून काढलं की तीच ओळ सबब वाटते.

तिसरी गोष्ट त्यांच्या धोक्याची हकिगत. तारीखवार, त्यांच्या शब्दांत. कुणी काय केलं, त्यांनी स्वतः काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं, पुरावा आहे का, नसेल तर का नाही. सलग बसवून विचारू नकोस, आणि एकच प्रसंग चार वेळा वदवून घेऊ नकोस. दुभाष्या लागला तर त्यांच्या गावचा, नात्यातला नको. तो तिकडे कुणाशी बोलतो तुला माहीत नसतं. हस्ताक्षरातल्या टिपणावर नाव घालू नकोस, फाइलला नंबर दे. वकीलमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'असं एक प्रकरण आलंय' म्हणून विचारू नकोस. त्यांच्या वकिलातीला तर चौकशीचा फोनसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय करायचा नाही. मूळ पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घ्यायचा नाही, अगदी त्यांनी 'राहू दे तुमच्याकडे' म्हटलं तरी.

इथे माझीच एक चूक सांगते. न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत आम्ही बसायचो तेव्हाची गोष्ट. तुम्ही सगळे आता दिवाळीपुऱ्याच्या संकुलातले, त्या जिन्याखालच्या टेबलांची मजा तुम्हाला नाही कळायची. एका इराणी विद्यार्थ्यानं परदेशातल्या अर्जासाठी निवेदन लिहून मागितलं. त्याच्या हकिगतीत अटकेची एक तारीख दोन ठिकाणी वेगळी येत होती. मी वादपत्र लिहिते त्या हातानं ती 'जुळवून' टाकली. त्याला विचारलंही नाही. दोन अटका होत्या. आधीच्या एका अर्जात त्यानं दोन्ही लिहिल्या होत्या, माझ्या सुबक निवेदनात एकच राहिली. मुलाखतीत त्याला विचारलं, यातलं खोटं कुठलं? त्याचं वर्ष गेलं. त्यानं मला कधी बोल लावला नाही, म्हणून जास्त लागलं. फेलोशिपसाठी आज लिहिलेला परिच्छेद पाच वर्षांनी कुठल्या तरी व्हिसा अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधीशापुढे उघडला जाऊ शकतो. आपण वादपत्रात थोडा रंग भरतोच, मीही आयुष्यभर भरला. इथे ब्रश बाजूला ठेव. फट असेल तर फट राहू दे आणि शेजारी लिही: 'नक्की आठवत नाही.'

परदेशी कायद्यावर मत मात्र द्यायचं नाही, कितीही वाचलंस तरी. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि फुकट दिला म्हणून तो सुटत नाही. अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात आश्रयाचा अर्ज टाकावा लागतो. फेलोशिपच्या व्हिसावर गेलेल्या माणसानं आश्रय कधी मागावा, मागावा का, त्यानं आधीच्या व्हिसाचं काय होतं, हे प्रत्येक देशाचं निराळं असतं. मॅडम तुला हे विचारतीलच, कारण विश्वास तुझ्यावर आहे. तेव्हा म्हणायचं, "हे तिथला वकील सांगेल, तो आपण मिळवू." यजमान विद्यापीठाला सरळ लिहून विचारायचं की फुकट काम करणारे परवानाधारक वकील कोण आहेत. २००८ मध्ये येलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी निर्वासितांना कायद्याची मदत करणारी 'आयरॅप' नावाची संस्था काढली. तिथेही विद्यार्थी कागद तयार करतात आणि सही अनुभवी वकिलाची असते. दिल्लीत निर्वासितांचीच कामं करणारे वकील आहेत. पहिली फाइल त्यांच्यापैकी कुणाला तरी दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. संयुक्त राष्ट्रांकडे नोंदणी करायची की नाही, हेही त्यांनाच विचारून ठरवा. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसासाठी तो साधा निर्णय नाही.

व्हिसा-एजंटांबद्दल सांगायची गरज पडू नये, पण आपलं गाव आहे! अलकापुरीपासून फतेगंजपर्यंत दर चौथ्या बोर्डावर विमान आणि मेपलचं पान. मॅडमना कुणीतरी 'स्कॉलर कोटा' विकायला येईल. वर नावं घेतलेल्यांपैकी कुणीही अर्जाचे पैसे घेत नाही. पैसे मागितले की माणूस खोटा, एवढं त्यांना आजच सांग.

आणि आणखी एक आजच सांग, जड जाईल तरी: बहुतेक अर्जांना नकार येतो. जागा मोजक्या असतात, मागणारे फार. 'होऊन जाईल, काळजी करू नका' हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं असतं, अशील रडायला लागला की आपोआप बाहेर पडतं. ते गिळ. मॅडमनी तुझ्या शब्दावर घरचं सामान विकलं तर तू काय करणार आहेस?

शनिवारचा अर्धा दिवस पुरतो. आठवड्यात जिन्यात गाठलं तर हसून म्हणायचं, "शनिवारी बोलू." त्यांनाही ते बरंच पडेल, रोज कुणी 'काही कळलं का' विचारणारं नसावं माणसाला. चार महिन्यांनी तुला जमेनासं झालं तर फाइल नीट बांधून पुढच्याकडे द्यायची, त्यांच्या लेखी परवानगीनं.

तेव्हा पड यात. या शनिवारी सकाळी आधी तुझा सी फॉर्म बघ. मग वर जा, ते एका पानाचं पत्र वाचून दाखव, त्यांना रात्रभर विचार करू दे, सही रविवारी. त्यानंतर नावांचा तक्ता. आणि ते पहिलं पत्र तू मला मोबाइलवर टाइप करून पाठवलं होतंस ना, त्याची प्रत 'सेंट'मध्ये अजून पडलेली असेल. ती आता, हे वाचताना, पुसून टाक.